अंकलखोपचा घोडेस्वार, विट्याचे गलाईवाले

कृष्णाकाठच्या अंकलखोप गावच्या विष्णुपंत छत्र्यांनी २० मार्च १८८० रोजी मुंबईत ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ केला. भारतीय माणसाच्या मालकीची ही पहिली आधुनिक सर्कस. औदुंबरच्या दत्ताला जाणाऱ्यांना अंकलखोप हे शेजारचे गाव म्हणून ठाऊक असते; या गावच्या माणसाने देशाला सर्कस दिली, ही गोष्ट मात्र सांगली जिल्ह्यातही आता थोड्यांच्याच बोलण्यात येते. ती पुन्हा सांगायला हवी. दहावी-बारावीचे निकाल लागले की सातारा-सांगलीच्या घरांत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो : ‘जग बघायला मिळेल असे काय करू?’ या मुलखाने त्याचे उत्तर फार पूर्वीच, आणि एकापेक्षा अधिक वेळा देऊन ठेवले आहे.

विष्णुपंतांना सर्कस काढायची म्हणून ते घरातून निघाले नव्हते. त्यांना गाण्याचे वेड होते. त्या वेडापायी ते ग्वाल्हेरला गेले, हद्दूखाँसाहेबांकडे शिकले, आणि त्याच ग्वाल्हेरात बाबासाहेब आपट्यांकडून घोडा फिरवण्याची विद्या घेतली. पुढे कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानात घोड्यांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १८७९ मध्ये जुझेप्पे कियारिनी या इटालियन माणसाची ‘रॉयल इटालियन सर्कस’ मुंबईत आली. घोड्यांवरची अशी कसरत भारतात कोणाला जमणार नाही, असे कियारिनी म्हणाला आणि विष्णुपंतांनी ते मनावर घेतले, असे परंपरेने सांगतात. पैज किती रुपयांची होती, बक्षीस काय होते, याच्या कथा अनेक आहेत. घडले ते मात्र निश्चित आहे : कुरुंदवाडकरांच्या पाठबळावर काही महिन्यांत खेळ उभा राहिला, आणि कियारिनीचे सामान विकत घेऊन छत्र्यांनी आपला तंबू ठोकला.

तो तंबू दक्षिणेतून सिलोनला आणि तिथून आग्नेय आशियात गेला. समुद्र ओलांडला की प्रायश्चित्त घ्यावे लागे, अशा काळात एक चित्पावन ब्राह्मण घोडे, जनावरे आणि कसरतपटू घेऊन बोटीने परमुलखात जातो, तिकीट लावून खेळ करतो आणि परत येतो, हे धाडस लहान नव्हते. त्याहून मला विलक्षण वाटते ती दुसरी गोष्ट. हद्दूखाँसाहेबांचे चिरंजीव रहिमतखाँ मनाचा तोल गेलेल्या अवस्थेत बनारसेत भटकत होते. विष्णुपंतांनी गुरूच्या या मुलाला शोधून काढले, आपल्यापाशी आणले, आणि सर्कस जाईल तिथे त्यांना बरोबर नेले. गावोगाव दिवसा घोड्यांचा खेळ आणि रात्री खाँसाहेबांचे गाणे. ‘भूगंधर्व’ म्हणून ओळखले गेलेले रहिमतखाँ १९२२ मध्ये कुरुंदवाडलाच वारले. मिरजेत स्थायिक झालेल्या, किराणा गायकीच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्यावर त्यांच्या ढंगाची छाप पडली, हे जाणकार सांगतात. सर्कशीच्या तंबूतून किराणा गायकीपर्यंत अशी एक वाट जाते, आणि ती छत्र्यांच्या कृतज्ञतेतून निघालेली आहे.

एका तंबूतून पुढे कितीतरी तंबू निघाले. म्हैसाळच्या देवलांची सर्कस, कार्लेकरांची ग्रँड सर्कस, तासगावच्या परशुराम माळ्यांची लायन सर्कस ही नावे एकेकाळी मराठी मुलांना पाठ असत. हे सारे कृष्णा-वारणेच्या एवढ्याशा पट्ट्यातच का घडले? मला याची कारणे साधी वाटतात. पटवर्धनांची छोटी छोटी संस्थाने होती, त्यांच्या पागा होत्या, घोडा ओळखणारी माणसे होती. गावोगाव तालमी आणि मलखांब होते, त्यामुळे लवचिक, मजबूत अंगाची पोरे तयार होती. आणि रेल्वे हातपाय पसरत होती, म्हणजे हत्तीपासून कनातीपर्यंत सगळा पसारा हलवता येऊ लागला. विद्या गावात होती. तिला वाहन मिळाले आणि दाखवायला परके प्रेक्षक मिळाले. विष्णुपंतांची सर्कस केरळात तेलिचेरीला, म्हणजे आजच्या तलश्शेरीला गेली तेव्हा कीलेरी कुञ्ञिकण्णन या कसरतीच्या शिक्षकाशी त्यांची गाठ पडली. कुञ्ञिकण्णन यांनी पुढे १९०१ मध्ये चिरक्कर इथे सर्कशीची शाळा काढली. आज भारतीय सर्कस म्हटले की केरळ आठवते, त्याची मुळे या भेटीत आहेत.

सातारा-सांगलीच्या सीमेबाहेर, पुण्यात, १९०२ मध्ये जन्मलेल्या दामू धोत्र्यांची कथा इथे सांगावीच लागेल, कारण छत्र्यांनी पाडलेली वाट कुठवर गेली ते तिच्यात दिसते. मामाच्या सर्कशीत लहानपण गेलेला हा माणूस आधी एका रशियन सर्कशीबरोबर पूर्वेकडचे देश फिरला आणि १९४० मध्ये अमेरिकेच्या ‘रिंगलिंग ब्रदर्स’मध्ये वाघ, सिंह, बिबटे खेळवू लागला. त्या काळी जगातली सर्वांत मोठी मानली जाणारी ही सर्कस. हातात पदवी नव्हती. जनावराची नजर वाचण्याची विद्या होती, आणि ती विद्या न्यूयॉर्कातही तितकीच खरी ठरली.

या जगण्यात सहलीची मौज मात्र फारशी नव्हती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. सर्कसवाला नवे शहर बघायचा ते मुख्यतः मैदान, स्टेशन आणि बाजार एवढेच. पावसाळ्यात खेळ बुडायचा, जनावर आजारी पडायचे, झुल्यावरून पडलेल्याचे आयुष्य एका क्षणात संपायचे. धंद्यालाही आयुष्य असते. १९९८ मध्ये केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबटे आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि २०११ मध्ये सर्कशीत मुलांना कामावर ठेवणे न्यायालयाने थांबवले. हे निर्णय योग्यच होते. सर्कशीचा तो जुना पसारा त्यानंतर आटत गेला. आता जग बघायचे म्हणून कोणी तासगावच्या मुलाला सर्कशीत जा म्हणणार नाही. पण तासगावची माणसे जग का फिरू शकली, हा प्रश्न त्यामुळे संपत नाही.

साताऱ्याच्या बाजूला उत्तर वेगळे होते : फौज. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात, तेही सहज, आडनाव लावावे तसे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले. कोरेगाव, खटाव, पाटण या तालुक्यांतल्या गावागावांतून पोरे मराठा पलटणीत गेली, आणि ज्यांनी महाबळेश्वरापलीकडचे डोंगरही पाहिले नव्हते त्यांनी बसऱ्याची खजुरीची बने पाहिली, तैग्रिस नदी पाहिली. कुत-अल-अमारा इथे एप्रिल १९१६ मध्ये ब्रिटिश-भारतीय फौज शरण गेली, तिच्यात मराठा पलटणींचे शिपाईही होते. वेढ्यातली उपासमार आणि नंतरची कैद यांतून कितीतरी जण परतले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात हीच मुलखावेगळी वाट आफ्रिकेतल्या केरेनपर्यंत आणि इटलीच्या डोंगरांपर्यंत गेली. या प्रवासाचे भाडे काय होते ते गावच्या स्मारकावर कोरलेले आहे. म्हणून ‘लष्करात जा, जग बघ’ असे कोणी हलकेपणाने म्हणाले की मला ते रुचत नाही.

तरीही फौजेची वाट साताऱ्याने सोडली नाही, उलट तिला शाळा जोडली. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली. शेतकऱ्याच्या मुलाने राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जावे, अधिकारी व्हावे, हा तिचा हेतू होता. आज भारतीय लष्कराच्या तुकड्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत लेबनॉन, काँगो, दक्षिण सुदान अशा ठिकाणी असतात. नौदलाची जहाजे दूरच्या बंदरांना भेटी देतात. फलटण-कोरेगावच्या मुलाला परदेशात नेणारी ही सरकारी वाट अजून खुली आहे, फक्त तिथे मुलाने कुठे जायचे हे मुलगा ठरवत नाही.

आणि आता गलाई. या लेखाचा जीव खरा तिथे आहे.

सांगलीहून विट्याकडे, आणि विट्याहून आटपाडीकडे निघाले की ऊस मागे पडतो, माळ सुरू होतो. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत आणि साताऱ्याकडचे माण, खटाव हा सगळा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला टापू. पश्चिमेला महाबळेश्वरी जिथे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तिथे इकडे पाचशेच्या आसपास पडला तरी लोक वर्ष बरे गेले म्हणतात. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, १९७२ चा दुष्काळ, आणि मधली किती वर्षे नुसतीच कोरडी. या माळावरच्या माणसांनी ब्रिटिश काळातच एक धंदा धरला : सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा, म्हणजेच गलाईचा. सराफाला जुना दागिना आला की त्यातले शुद्ध सोने किती हे काढून देणारा माणूस लागतो. तो माणूस काश्मीरपासून केरळपर्यंत आणि गुजरातपासून आसामपर्यंत बहुतेक मोठ्या सराफ बाजारांत खानापूर-आटपाडीचा निघतो. काठमांडूतही गलाईवाले गेले.

काम बघायला साधे आणि करायला जोखमीचे आहे. दागिना मुशीत घालून वितळवतात. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते. मग त्यात चांदी किंवा तांबे मिसळून सोन्याचे प्रमाण साधारण चौथ्या हिश्शावर आणतात, रस पाण्यात ओतून बारीक दाणे पाडतात आणि ते दाणे तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात उकळतात. तेजाब चांदी-तांबे खाऊन टाकते, सोन्याला काही करत नाही. तळाशी तपकिरी भुकटी उरते. ती धुऊन पुन्हा मुशीत घातली की पिवळेधमक सोने हाती येते. उरलेल्या द्रावणात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की चांदी खाली बसते, तीही वाया जात नाही. सोनाराच्या दुकानातला झाडलेला कचरा जाळून, धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणे हेही याच विद्येचे अंग. सोन्याच्या प्रमाणात चांदी किती घालायची, भट्टी कधी ओढायची, टंच म्हणजे शुद्धता किती आली, हे पुस्तकातून कोणी शिकलेले नाही. मुलगा चुलत्याबरोबर किंवा मामाबरोबर जातो, पहिली काही वर्षे दुकानात गडी म्हणून राहतो, तिथेच जेवतो, तिथेच झोपतो. मग भागीदारी, मग स्वतःचे दुकान. आणि तेजाब उकळताना निघणारा तांबूस-तपकिरी वायू छातीत जातो. चांगले धुराडे नसलेल्या खोलीत वर्षानुवर्षे काम केलेल्याची फुप्फुसे त्याची किंमत मोजतात. नव्या पिढीने यंत्रे आणली आहेत, पण सगळ्यांना ती परवडत नाहीत.

मला या धंद्यात सर्वांत मोठी वाटते ती विश्वासाची बाजू. परक्या राज्यात, परक्या भाषेत, अनोळखी सराफ आपले किलोभर सोने एका मराठी पोराच्या हाती देतो आणि संध्याकाळी हिशेबाने परत घेतो. एकाने लबाडी केली तर त्या बाजारातल्या साऱ्या गाववाल्यांचे नाव जाते, म्हणून गाववालेच एकमेकांवर नजर ठेवतात. संकट दुसऱ्या बाजूनेही येते. गाळायला आलेले सोने चोरीचे निघाले तर पोलीस आधी गलाईवाल्याच्या दारात उभे राहतात. १९६३ च्या सुवर्णनियंत्रणात सोन्याच्या व्यवहारावर बंधने आली, ती १९९० मध्ये कायदा रद्द होईपर्यंत कमी-अधिक चालली. त्या दिवसांतही हे लोक टिकले. नोटाबंदी, वस्तू व सेवा कर, सक्तीचे हॉलमार्किंग, तयार शुद्ध सोन्याच्या मोठ्या रिफायनऱ्या हे सगळे नंतरचे. लहान दुकानाला आता पूर्वीसारखी बरकत नाही, हे कोणी लपवत नाही.

या घरांची भाषा ऐकण्यासारखी असते. कोइमतूरला वाढलेला मुलगा तमिळ बोलतो, आजीशी माणदेशी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि दिवाळीला किंवा गावच्या यात्रेला आला की एका वाक्यात तिन्ही. दसऱ्याला विट्यात रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत लागते तेव्हा परप्रांतांत गेलेली माणसे गावी उतरतात. पावसाळ्यातही ओसाड दिसणाऱ्या गावांत दुमजली घरे, शाळेच्या खोल्या, मंदिरांचे जीर्णोद्धार दिसतात ते बहुधा गलाईच्या पैशातून. कराडजवळच्या टेंभूतून उचललेले कृष्णेचे पाणी आता या माळाच्या काही भागांत पोहोचले आहे, डाळिंब-द्राक्षे दिसतात; पण घराघराला आधी आधार दिला तो बाहेर गेलेल्या मुलाने. स्थळ बघताना ‘मुलगा गलाईत आहे’ हे पुरेसे असे. मुलीने मात्र न पाहिलेल्या गावात, न कळणाऱ्या भाषेत संसार मांडायचा असे. दुकानाच्या मागच्या खोलीत स्वयंपाक करत तिने परकी भाषा शिकली, मुलांना परक्या शाळेत घातले, आणि सासरच्या गावाला तिची ओळख फक्त सुट्टीतली. गलाईचा इतिहास लिहिणारे तिला एक परिच्छेद देतात. तिला पुस्तक द्यायला हवे.

छत्रे, अपशिंग्याचे शिपाई आणि गलाईवाले यांना मी एका लेखात बसवतो आहे, कारण त्यांच्यात मला एक समान धागा दिसतो. यांतल्या कोणीच प्रवास निवडला नाही. त्यांनी परक्याला गरज लागेल असे काम हाती घेतले, ते नीट शिकून घेतले, आणि प्रवास त्यामागून आला. आजचा मुलगा उलट्या टोकाला धरतो : आधी ‘फिरायचे’, मग कोणते काम त्याला पुरे पडेल ते बघू. इथेच त्याला फसवणारे भेटतात.

खेळाच्या मैदानावरही हेच दिसते. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या प्रवासातून आले. माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत धावली, सांगलीजवळच्या माधवनगरात वाढलेली स्मृती मानधना क्रिकेटसाठी जगभर खेळते, आणि साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी तिरंदाजीत विश्वविजेती झाली. मैदानाची वाट फार थोड्यांना मिळते, म्हणून तिचा आग्रह कोणाला करता येत नाही.

मग बाकीच्यांनी काय करायचे? आज सर्वाधिक विचारली जाते ती मर्चंट नेव्हीची वाट. बारावी शास्त्र शाखेनंतर इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा देऊन नॉटिकल सायन्स किंवा मरीन इंजिनिअरिंग. आणि दहावीनंतर सहा महिन्यांचा जीपी रेटिंगचा अभ्यासक्रम, ज्यातून खलाशाचे काम मिळू शकते. पगार चांगला, जगातली बंदरे ओळखीची होतात. पण कंटेनरचे जहाज बंदरात अनेकदा एखादाच दिवस थांबते, आणि त्या दिवसातही काम असते. सहा-आठ महिने पाणी, इंजिनाचा आवाज आणि ठराविक वीस-बावीस चेहरे. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, जगभरचे लाखो खलाशी मुदत संपूनही जहाजावरच अडकून पडले होते. ज्याला यंत्राची किंवा समुद्राची खरी ओढ आहे त्याने जरूर जावे. निव्वळ फोटो काढायला जाणाऱ्याने जाऊ नये.

दुसरी वाट शुश्रूषेची. मिरजेला १८९४ पासून वॉनलेसांच्या मिशन दवाखान्याची परंपरा आहे, आजूबाजूला नर्सिंगचे शिक्षणही मिळते, आणि जर्मनीपासून आखाती देशांपर्यंत प्रशिक्षित परिचारिकांना मागणी आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. तिथे वेल्डर, वीजतंत्री, वाहनचालक, परिचारिका सगळेच लागतात, फक्त भाषा आली पाहिजे. विट्याच्या माणसाने मल्याळम आणि तमिळ दुकानात बसून आत्मसात केली; त्याच्या नातवाला जर्मन शिकणे अवघड नाही. सांगली-साताऱ्याच्या आयटीआयमधली पोरे माझ्या दृष्टीने या बाबतीत इंजिनिअरिंगच्या पोरांच्या पुढे आहेत, कारण त्यांच्या हातात काम आहे.

पण पालकांनो, पैसे मोजण्याआधी एवढे करा. जहाजावरची नोकरी लावणाऱ्या कंपनीला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो; ती यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर असते, आणि नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेण्याला कायद्याने मनाई आहे. परदेशी नोकरीचा एजंट असेल तर त्याची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर तपासा; नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर एवढेच घेता येतात. पाच लाख, आठ लाख मागणारा, व्हिजिट व्हिसावर पाठवणारा, करारपत्र विमानतळावर देऊ म्हणणारा, कोणीही असो, गावचा असो की नात्यातला, त्याला दारातूनच परत पाठवा. अशाच वचनांवर गेलेले भारतीय तरुण गेल्या काही वर्षांत म्यानमारमधल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबले गेले, काही जण रशियाच्या युद्धात ओढले गेले. शेत विकून मुलाला पाठवण्याआधी एक दिवस काढून सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जा, आणि एजंटाचा परवाना क्रमांक बरोबर घेऊन जा. यादीत नाव नसेल तर एक रुपयाही देऊ नका.